आरपीएम म्हणजे कटिंग स्पीड नव्हे

आयटीआयच्या टर्नर ट्रेडमधली बरीच मुलं एक समजूत घट्ट धरून असतात: "माइल्ड स्टीलला ५०० आरपीएम चालतो." जॉबचा, म्हणजे लेथवर फिरणाऱ्या धातूच्या तुकड्याचा, व्यास न विचारता सांगितलेल्या या आकड्याला काहीच अर्थ नाही. आरपीएम म्हणजे स्पिंडलचे, म्हणजे जॉब फिरवणाऱ्या लेथच्या दांड्याचे, मिनिटाला फेरे. कटिंग स्पीड म्हणजे धातू कापणाऱ्या टूलच्या धारेसमोरून मिनिटाला किती मीटर धातू सरकतो ते. मिलिमीटरमधल्या व्यासाला ३.१४ ने आणि आरपीएमने गुणा, १००० ने भागा.

२० मिमीचा जॉब ४७७ आरपीएमवर फिरवला की मिनिटाला ३० मीटर येतात. हायस्पीड स्टीलच्या टूलला माइल्ड स्टीलवर हे झेपतं. आरपीएम तोच ठेवून ५० मिमीचा जॉब लावा, वेग थेट ७५ मीटर! धार तापून मऊ पडते, आणि बोलणी खातो शिकाऊ मुलगा, "टूल नीट घासलं नाहीस" म्हणून. तिथे १९० च्या आसपास आरपीएम हवा होता.

फीड वेगळा. लेथवर जॉबच्या एका फेऱ्यात टूल किती मिमी सरकतं, तो फीड. तो जितका कमी तितकं टूल टिकतं, हेही खरं नाही. फारच बारीक फीडला धार कापण्याऐवजी घासत राहते, आणि ३०४ प्रकारच्या स्टेनलेस स्टीलचा पृष्ठभाग त्यामुळे आणखी कडक होतो.