नोकरी सांभाळून बी.लिब., एम.लिब. : इग्नूचा प्रवेश कसा घ्यायचा

ग्रंथालयात वर्षानुवर्षं देवघेवीचं काउंटर सांभाळणाऱ्याला कुणीतरी सांगून ठेवलेलं असतं, 'पदवीला पन्नास टक्के नाहीत, तुझं बी.लिब. कसलं होतंय!' इग्नूपुरतं, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठापुरतं, तरी हे खोटं आहे. बी.लिब. म्हणजे ग्रंथालयशास्त्राची पदवी; त्यासाठी आधीच्या पदवीला ५० टक्के असतील तर प्रश्नच नाही (राखीव प्रवर्गांना ५ टक्के सवलत). नसतील तर पदवी आणि ग्रंथालयातला २ वर्षांचा अनुभव, किंवा पदवी आणि ग्रंथालयशास्त्राची पदविका, एवढ्यावर प्रवेश मिळतो. एम.लिब.ला, म्हणजे त्यातल्या पदव्युत्तर पदवीला, मात्र ही सोय नाही. नोकरी वीस वर्षांची असली तरी हातात बी.लिब. हवंच.

खरी गोची अनुभवाच्या दाखल्यात होते. सार्वजनिक ग्रंथालयात तो बहुधा आपणच टाइप करतो आणि कार्यवाहांची सही घेतो. 'अनेक वर्षांपासून निष्ठेने काम करीत आहेत' हे निरोपसमारंभाला ठीक, त्यातून दोन वर्षं मोजता येत नाहीत. लेटरहेड, जावक क्रमांक, पद, रुजू झाल्याची तारीख, 'आजतागायत कार्यरत', सही आणि गोल शिक्का इतकं हवं. इंग्रजीत करून घेतलेला बरा.

प्रवेश वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलै सत्रासाठी, ऑनलाइन. अर्ज उघडण्याआधी डिजिलॉकरमधून एबीसी आयडी (शैक्षणिक क्रेडिट खात्याचा क्रमांक) काढा आणि त्यावरून यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, पोर्टलवर डेब आयडी (दूरशिक्षणाच्या विद्यार्थ्याचा क्रमांक). इथे आधारवरचं नाव लागतं. गुणपत्रिकेवर माहेरचं आडनाव आणि आधारवर सासरचं असेल, तर विवाह प्रमाणपत्र किंवा नावबदलाचं राजपत्र आधीच शोधून ठेवा. शेवटच्या तारखेला कपाट उपसायची वेळ येऊ नये. फोटो आणि सही प्रत्येकी १०० केबीच्या आत, गुणपत्रिका, अनुभव आणि जातीचा दाखला प्रत्येकी २०० केबीच्या आत. मोबाइलवर काढलेला फोटो तसाच चढवला तर अर्ज तिथेच अडतो. अडलंच तर मुंबई, पुणे, नागपूर आणि पणजीला प्रादेशिक केंद्रं आहेत.

कॉलेजात ग्रंथपाल व्हायचं मनात असेल तर एम.लिब.ला ५५ टक्क्यांखाली येऊ नका, पुढे नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षाही साधारणपणे लागते. पदवी दूरशिक्षणाची म्हणून कुणी नाक मुरडलं, तर मान्यताप्राप्त दूरशिक्षणाची पदवी नियमित पदवीशी समकक्ष असल्याचं यूजीसीने २०२२ मध्ये स्पष्ट केलंय, ते दाखवा.

अभ्यासाला रात्र पुरते, स्वाध्यायांना (घरी लिहून द्यायच्या असाइनमेंट्सना) पुरत नाही. त्यांना ३० टक्के गुण आहेत. परीक्षेआधी जमा करायचे असतात, आणि पोच जपून ठेवायची असते.