ऑइल गळतंय कुठून?

गाडीखाली काळा डाग दिसला की नजर थेट इंजिनच्या तळाशी जाते. चेंबरच्या (इंजिनखालच्या ऑइलच्या टाकीच्या) कडेला थेंब लोंबत असतो आणि चेंबरचं गॅस्केट, म्हणजे सांध्यातली सील, गेलं, असं ठरून जातं. पण ऑइल वरून खाली ओघळतं आणि गाडी धावताना वाऱ्याने मागे ढकललं जातं. म्हणून शोधायचा तो सर्वांत वरचा आणि सर्वांत पुढचा ओला भाग.

मळलेल्या इंजिनवर तो सापडत नाही. इंजिन थंड असताना अल्टरनेटर आणि कनेक्टर झाकून डिग्रीझरने स्वच्छ करा, 10–15 किलोमीटर चालवा आणि मग टॉर्च मारा. तरीही माग लागला नाही, तर ऑइलमध्ये मिसळायचा चमकणारा रंग मिळतो. अतिनील दिव्याखाली गळतीची वाट पिवळट-हिरवी उजळते. हे न करता सुटे भाग बदलत बसणं म्हणजे अंधारात तीर मारणं.

बहुतेक वेळा माग टॅपेट कव्हरपाशी, म्हणजे इंजिनच्या माथ्यावरच्या झाकणापाशी, थांबतो. तिथल्या रबराला वर्षानुवर्षं 100 अंश सेल्सिअसच्या आसपासची उष्णता सोसावी लागते. ते कडक होतं, दबलेल्या आकारातच राहतं आणि कव्हरवर उलट दाब देईनासं होतं. अशा वेळी बोल्ट आवळून गळती थांबवायचा मोह टाळा. कव्हर वाकतं, नाहीतर हेडच्या, म्हणजे कव्हरखालच्या भागाच्या, ॲल्युमिनियममधले आटे जातात. या बोल्टना साधारण 8–12 न्यूटन-मीटर एवढाच टॉर्क (आवळण्याचा जोर) असतो. नेमका आकडा त्या इंजिनच्या मॅन्युअलमधूनच घ्यावा. नवं गॅस्केट कोरड्या, स्वच्छ पृष्ठभागावर बसवून बोल्ट मध्यापासून बाहेर, दोन-तीन फेऱ्यांत आवळायचे. सिलिकॉन सगळीकडे फासू नका. टायमिंग कव्हर आणि हेड जिथे जुळतात, त्या कोपऱ्यांवर छोटा ठिपका पुरतो. जास्तीचं सिलिकॉन आत तुटून पडतं आणि ऑइल पंपाच्या जाळीत अडकतं. स्पार्क प्लगच्या विहिरींत ऑइल दिसलं, तर तिथली सीलही याच वेळी बदला.

नवं गॅस्केट काही महिन्यांत पुन्हा पाझरलं, तर दोष बहुधा त्याचा नसतो. पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनमधला वायू खेचून नेणारी झडप) तुंबला की क्रँककेसमधला, म्हणजे इंजिनच्या खालच्या पोकळीतला, वायू कोंडतो आणि ऑइलला सांध्यांतून बाहेर रेटतो. पेट्रोल इंजिन आयडलवर ठेवून ऑइल भरायचं झाकण काढा आणि तोंडावर कागद धरा. तो हलकासा ओढला गेला पाहिजे. उडत असेल तर आधी व्हॉल्व्ह आणि त्याची नळी तपासा.

ऑइल प्रेशर स्विचची (ऑइलचा दाब पडला की डॅशबोर्डवरचा दिवा लावणाऱ्या स्विचची) गळती मात्र तातडीची असते. टॅपेट कव्हरखाली ऑइलचे नुसते शिंतोडे उडतात. स्विचमागे पंपाचा दाब असतो, वेगात अनेकदा 3–5 बार. फुटलेल्या स्विचमधून थोड्या वेळात चेंबर रिकामा होऊ शकतो. कनेक्टर काढून बघा. पिनांभोवती ऑइल असेल तर स्विच आतून फुटलाय. आट्यांपाशी ओल असेल तर सील. बदलताना टेफ्लॉन टेप गुंडाळू नका: एका वायरच्या स्विचला अर्थिंग बॉडीतून मिळतं, टेपने ते तुटलं तर दाब पडूनही दिवा लागणार नाही. निमुळत्या आट्यांवर सहसा सीलंट लागतं, सरळ आट्यांना नवं वॉशर.

कॅमशाफ्ट (इंजिनच्या झडपा उघडणारा दांडा) सेन्सरची ओ-रिंग, म्हणजे रबरी कडी, स्वस्त आणि सोपी. नवीला ऑइलचं बोट लावून बसवा, नाहीतर पीळ पडून ती कापली जाते. सेन्सरच आतून पाझरत असेल तर ऑइल तांब्याच्या तारांमधून, दिव्याच्या वातीत तेल चढावं तसं पुढे सरकतं आणि कधीकधी थेट ईसीयूच्या (इंजिनच्या संगणकाच्या) कनेक्टरपर्यंत पोचतं. तिथे वायरिंगही तपासावं लागतं.

गिअरबॉक्स आणि इंजिनच्या सांध्यातून थेंब पडत असेल, तर क्रँकशाफ्टच्या (इंजिनच्या मुख्य दांड्याच्या) मागच्या सीलवर संशय जातो. ती बदलायला बहुतेक गाड्यांत गिअरबॉक्स उतरवावा लागतो. तो उतरवण्याआधी टॅपेट कव्हरची मागची कड आणि ऑइल प्रेशर स्विच आरसा धरून बघा. तिथलं ऑइल नेमकं याच सांध्यात येऊन साचतं.