चेंडू हिसकावणारा बचाव पुढच्या वर्षीही हिसकावतोच का?

अमेरिकन फुटबॉलच्या गप्पांत वर्षानुवर्षे फिरणारा समज: ज्या बचावाने (संघाच्या बचाव फळीने) यंदा सर्वाधिक वेळा चेंडू हिसकावला, तो पुढच्या मोसमातही तसाच हिसकावेल.

असं वाटणं साहजिक आहे, कारण यात कौशल्य असतंच. धावणाऱ्याच्या हातातला चेंडू ठोसा मारून पाडणं शिकावं लागतं. पण पाडला म्हणजे मिळाला असं नाही. चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता. कुठे उसळेल ते तोच जाणे! म्हणून सुटलेला चेंडू मिळण्याची शक्यता दोन्ही संघांना साधारण निम्मी-निम्मी. प्रतिस्पर्ध्याने फेकलेले, पण बचावाने मधेच अडवून झेललेले पास थोडे अधिक भरवशाचे, तरी काही कोणाच्या तरी हाताला लागून उडालेले असतात. त्यात व्यावसायिक मोसमात साखळी सामने फक्त १७. एवढ्यात नशिबाचं पारडं सहज एकीकडे झुकतं.

पडताळा घरबसल्या घेता येतो. कुठल्याही जुन्या मोसमातले हिसकावण्यात पहिले पाच संघ लिहून घ्या आणि पुढच्या वर्षीच्या यादीत शोधा. बहुतेक खाली घसरलेले दिसतील. मग पहिल्या वर्षी त्यांनी प्रतिस्पर्ध्याला प्रत्येक खेळीमागे सरासरी किती यार्ड पुढे जाऊ दिलं ते बघा. तो आकडा मोठा, म्हणजे वाईट असेल, तर बचाव बराचसा उसळीवरच तरला होता.