पेंटबॉलमधील पंच

स्पर्धात्मक पेंटबॉलमध्ये, म्हणजे रंग भरलेल्या गोळ्या झाडून प्रतिस्पर्ध्यांना बाद करण्याच्या खेळात, कोणता खेळाडू बाद झाला हे ठरवणारा, नियमभंगाला दंड करणारा आणि मैदानावरील सुरक्षिततेची जबाबदारी सांभाळणारा अधिकारी. हा खेळ प्रथम २७ जून १९८१ रोजी अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यात, हेनिकर येथील जंगलात खेळला गेला. हौशी खेळात गोळी लागलेल्याने स्वतःहून हात वर करून बाहेर पडायचे असते आणि बहुतेक जण तसे करतातही. स्पर्धेत गुण पणाला लागलेले असतात, त्यामुळे सगळा भार पंचावर येतो.

मूळ नियम साधा आहे. गोळी खेळाडूच्या अंगावर किंवा त्याने बाळगलेल्या कोणत्याही वस्तूवर फुटून रंग उमटला, की तो बाद. न फुटता उसळून गेलेली गोळी धरत नाहीत. बंकरवर, म्हणजे खेळाडू ज्याच्या आड लपतात त्या अडथळ्यावर, फुटलेल्या गोळीचे अंगावर उडालेले शिंतोडेही धरत नाहीत. पंचाचे खरे कसब इथेच लागते. थेट लागलेल्या गोळीचा डाग मध्यभागी दाट असतो आणि त्यात बऱ्याचदा जिलेटिनच्या कवचाचे तुकडे चिकटलेले सापडतात. शिंतोडे विखुरलेले, बारीक आणि बंकरच्या बाजूने आलेले दिसतात. रंग पाण्यात विरघळणारा असल्याने बाहीने तो क्षणात पुसता येतो. म्हणून अनुभवी पंच डागाची जागा पाहून थांबत नाही, हातमोजे आणि बाहीही तपासतो. मास्कवर ओलसर पुसट थर आणि बाहीवर त्याच रंगाचा ओघळ दिसला, तर डाग पुसल्याचा संशय बळावतो. डाग पुसणे ही या खेळातली सर्वांत निंद्य लबाडी मानली जाते आणि तिला दंडही कडक असतो.

गोळी लागूनही खेळत राहिलेला प्रत्येक खेळाडू मात्र लबाड नसतो. पाठीवरच्या गोळ्यांच्या पिशवीवर बसलेला फटका त्याला कळतही नाही. मास्कच्या काचेवर किंवा हातावर बसलेला फटका न कळणे अशक्यच. पहिल्या प्रकारात खेळाडूला नुसते बाद करायचे आणि दुसऱ्यात दंड करायचा, हा विवेक ज्याच्याकडे नाही, त्याला नियमपुस्तिका पाठ असून उपयोग नाही. अनेक स्पर्धांत मोठ्या दंडापोटी दोषी खेळाडूबरोबर त्याचा एक साथीदारही बाहेर काढला जातो. चुकीचा दंड म्हणजे जवळजवळ हरलेला गुण, पण दंड करायला कचरणाऱ्या पंचामुळे प्रामाणिक संघाचेच नुकसान होते.

पाच विरुद्ध पाच खेळाडूंच्या सामन्यात सुरुवातीचे काही सेकंद सर्वांत अवघड असतात. सगळे एकाच वेळी बंकरकडे धावतात आणि गोळ्या चहूबाजूंनी येतात. प्रत्येक पंच आपल्याकडे सोपवलेल्या खेळाडूवरच नजर ठेवतो, गोळी कोणी झाडली याकडे बघत बसत नाही. पुढे तो बंकरपासून दोन-तीन पावलांवर उभा राहतो, पण कोणाच्या नेमाच्या आड येत नाही. लपलेल्या खेळाडूकडे टक लावून पाहिले तर त्याची जागा प्रतिस्पर्ध्याला कळते. म्हणून तपासायला जाणे आणि तिथून निघणे, दोन्ही झटपट व्हावे लागते. निर्णय मोठ्याने आणि स्पष्ट हातवाऱ्याने द्यायचा, पुटपुटायचे नाही.

सुरक्षिततेत सवलत नाही. मार्करमधून, म्हणजे गोळ्या झाडण्याच्या बंदुकीतून, सुटणाऱ्या गोळीचा वेग क्रोनोग्राफवर मोजतात. सामान्यतः सेकंदाला ३०० फूट, म्हणजे सुमारे ९१ मीटर, ही कमाल मर्यादा असते. कोणाचा मास्क निघाला तर बाकी सगळे सोडून आधी त्याचे डोळे वाचवायचे. मैदानाबाहेर जाणाऱ्याच्या मार्करच्या नळीवर आवरण चढले आहे की नाही, हेही पाहायचे.

बझर दाबून गुण मिळवण्याच्या प्रकारात तो दाबणाऱ्या खेळाडूला पंच लगेच नखशिखांत तपासतो. बझर दाबण्यापूर्वीच त्याला गोळी लागली होती असे आढळले, तर त्याने दाबलेला बझर ग्राह्य धरला जात नाही.