ताप आणि पुरळ (तातडीच्या विभागातील निदान)

तापासोबत अंगावर लाल पुरळ उठण्याची कारणे अनेक. बहुतेकदा एखादा साधा विषाणू असतो. मेनिंगोकॉकस या जिवाणूचा रक्तसंसर्ग मात्र काही तासांत जीव घेऊ शकतो. म्हणून कॅज्युअल्टीत आजाराच्या नावाआधी नाडी, रक्तदाब, श्वास आणि शुद्ध पाहतात.

त्यानंतर पुरळावर काचेचा पारदर्शक पेला दाबतात. लाली विरली तर रक्त वाहिन्यांतच आहे. ठिपके तसेच राहिले तर ते त्वचेत झिरपलेले असते. असा रुग्ण आजारी दिसत असेल, तर मेनिंगोकॉकस गृहीत धरून सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन हे प्रतिजैविक लगेच देतात. डेंग्यूतही असे ठिपके येतात. सावळ्या त्वचेवर लाली सहज दिसत नाही. तळहात, तळपाय, तोंडातली टाळू आणि पापणीची आतली बाजू उजेडात पाहावी लागते.

खरी चूक होते ती कपडे न काढता तपासल्याने. स्क्रब टायफसमध्ये चिगर नावाची सूक्ष्म अळी चावते, तिथे सिगारेटचा चटका बसावा तशी काळी खपली धरते. ती दुखत नाही, खाजत नाही, त्यामुळे रुग्ण तिच्याबद्दल बोलतही नाही. काख, जांघ, स्तनाखालची घडी, कमरेची नाडी बांधतात ती जागा, सगळे पाहावे. खपली सापडली की निदान जवळजवळ हाती आलेच. न सापडली म्हणून आजार नाही असे मात्र नव्हे. २०१८ च्या पावसाळ्यात विदर्भात या आजाराची साथ आली होती. गोचिडीमुळे होणाऱ्या ठिपक्यांच्या तापात पुरळ तळहात-तळपायांवरही उठते. या तापांसाठी १९१६ पासून वापरात असलेली वाइल-फेलिक्स ही रक्तचाचणी पहिल्या आठवड्यात बऱ्याचदा निगेटिव्ह येते. त्यामुळे रिपोर्टची वाट न पाहता डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक सुरू करणे हेच योग्य, लहान मुलांतसुद्धा.

गोवराचे पुरळ कानामागून, कपाळावरून खाली उतरते. खोकला, लाल डोळे सोबत असतात. २०२२ मध्ये मुंबईत गोवंडीच्या परिसरात त्याची साथ होती. शंका येताच रुग्णाला वेगळे बसवावे, कारण पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासून संसर्ग पसरत असतो.

गेल्या दोन महिन्यांत कोणती औषधे घेतली, हे विचारायचे राहून जाते. फिटच्या किंवा गाउटच्या (युरिक अ‍ॅसिडमुळे होणाऱ्या सांधेदुखीच्या) गोळ्या सुरू होऊन काही आठवडे झाले असतील, त्वचा दुखत असेल, तोंड आणि डोळे सोलवटले असतील, तर ती औषधाची घातक प्रतिक्रिया असू शकते. संशयित गोळी त्याच क्षणी बंद करतात.