केफ्तेदेस : टर्कीच्या खिम्याचे ग्रीक गोळे

केफ्तेदेस हे ग्रीसमध्ये घरोघरी होणारे खिम्याचे लहान गोळे. एकवचनी शब्द केफ्तेस. गोळे अगदी लहान वळले, तर लाडाने केफ्तेदाकिया. मूळ पदार्थ गोमांसाच्या, किंवा त्यात डुकराचे मांस मिसळलेल्या खिम्याचा असतो. कांदा, भिजवलेला शिळा पाव, पुदिना व ओरेगॅनो घालून मळलेले गोळे पिठात घोळवून तळतात. याच मसाल्याचे, पण टर्की या पक्ष्याच्या खिम्याचे आणि तळण्याऐवजी ओव्हनमध्ये भाजलेले गोळे गेल्या काही दशकांत अमेरिकेतून इतरत्र पसरले. आरोग्याच्या दृष्टीने बदललेला हा प्रकार घरी सहज होतो. मात्र तो पुष्कळदा कोरडा आणि रबरासारखा होतो. टर्कीचा त्यात फारसा दोष नसतो. खिमा बदलताना गोळ्यातल्या ओलाव्याची तजवीज करायची राहून गेलेली असते.

फार्सीत ‘कुफ्तन’ म्हणजे कुटणे. कुटलेल्या मांसाचा तो कोफ्ता. तुर्कीत त्याचे क्योफ्ते झाले आणि ऑटोमन राजवटीत ग्रीक भाषेने ते केफ्तेस म्हणून घेतले. तोच शब्द पूर्वेला फार्सीबरोबर उत्तर भारतात आला. म्हणजे दुधीचा कोफ्ता आणि अथेन्सच्या खानावळीतला केफ्तेस ही एकाच शब्दाची दोन दिशांना गेलेली भावंडे आहेत. साम्य नावापुरते नाही. आपल्याकडे मांस बाजूला सारून दुधी, केळी, पनीर यांचे कोफ्ते झाले. ग्रीसमध्येही ईस्टरपूर्वीच्या दीर्घ उपवासाच्या काळात मांस वर्ज्य असल्याने बिनमांसाचे केफ्तेदेस रुजले. सान्तोरिनी बेटावर तिथल्या लहान, गर्द चवीच्या टोमॅटोंचे दोमातोकेफ्तेदेस करतात, सिफ्नोस बेटावर काबुली चण्याचे. उन्हाळ्यात झुकिनीचे कोलोकिथोकेफ्तेदेस जवळपास सगळीकडे मिळतात.

मांसाच्या गोळ्यांचेही गोत मोठे आहे. भातासह वळून अंडे-लिंबाच्या दाटसर रश्श्यात शिजवलेले ते युवर्लाकिया. हे नाव तुर्कीतल्या ‘गोल’ या अर्थाच्या शब्दावरून आले. लांबट आकाराचे, जिरे आणि लसूण घातलेले, टोमॅटोच्या रश्श्यात सोडलेले ते सुत्झुकाकिया. ते स्मिर्ना शहराच्या, म्हणजे आजच्या इझमीरच्या, नावाने ओळखले जातात. 1922 मध्ये ते शहर जळाले आणि 1923 च्या लोझान येथील करारान्वये ग्रीस व तुर्कस्तान यांच्यात लोकसंख्येची अदलाबदल झाली. दहा लाखांहून अधिक निर्वासित ग्रीसमध्ये आले आणि त्यांच्याबरोबर त्यांच्या स्वयंपाकातले जिरे आले. आजही ग्रीक गोळ्यात जिऱ्याचा वास आला, की तो आशिया मायनरच्या, म्हणजे तुर्कस्तानच्या आशियातल्या भागाच्या, वळणाचा, आणि पुदिना-ओरेगॅनोचा आला, की साधा केफ्तेस, असे ढोबळमानाने ओळखता येते.

केफ्तेदेस समजून घ्यायचे तर पावापासून सुरुवात करावी लागते. खिम्यात पाव घालणे ही गरिबीतली भर होती हे खरे. थोडे मांस अनेक तोंडांना पुरवायचे, तर शिळा पाव कामी येई. पण त्या भरीने आणखी एक मोठे काम केले. मांस तापले की त्यातली प्रथिने आवळतात, एकमेकांना घट्ट धरतात आणि पाणी बाहेर पिळून टाकतात. भिजलेल्या पावातला स्टार्च पाणी धरून ठेवतो आणि प्रथिनांच्या मधे शिरून त्यांना एकमेकांना चिकटू देत नाही. त्यामुळे गोळा पूर्ण शिजूनही मऊ राहतो. चरबीदार खिम्यात हे काम काही अंशी चरबीच करते, म्हणून तिथे पाव थोडा कमी पडला तरी खपून जाते. टर्कीच्या खिम्यात चरबी कमी असल्याने सारा भार पावावर येतो. ‘पौष्टिक’ म्हणून दिलेल्या कित्येक पाककृतींत पावही काढून टाकलेला असतो, आणि तिथेच पदार्थ फसतो. पाव कशात भिजवावा याचे घरोघरी वेगळे रिवाज आहेत. कोणी दूध घेते, कोणी पाणी, कोणी वाइन, तर कोणी बडीशेपेसारख्या वासाच्या ऊझो या मद्याचा शिडकावा करते. चमचाभर व्हिनेगरही पुष्कळ घरांत पडते.

टर्की हा पक्षी मूळचा मेक्सिकोतला. तेथील लोकांनी तो दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी माणसाळवला आणि सोळाव्या शतकाच्या आरंभी स्पॅनिश जहाजांतून तो युरोपात पोहोचला. तो कुठून आला याबद्दल जगभर इतका गोंधळ झाला, की इंग्रजांनी त्याला तुर्कस्तानचा ठरवले, तुर्कांनी ‘हिंदी’ म्हणजे भारताचा, आणि पोर्तुगिजांनी ‘पेरू’. ग्रीकमध्ये तो गालोपुला. भारतात तो गोव्याच्या वाटेने आल्याची ठळक नोंद आहे. 1612 मध्ये मुकर्रब खान या मुघल सरदाराने गोव्याहून मिळवलेल्या नवलाच्या वस्तूंत हा पक्षी जहांगीर बादशहापुढे आणला. त्याच्या डोक्या-मानेचे रंग सरड्यासारखे बदलतात, याचे बादशहाने आपल्या आठवणींत कौतुकाने वर्णन केले आहे, आणि दरबारी चित्रकार मन्सूर याच्याकडून त्याचे चित्र काढून घेतले. टर्कीचे ते सुंदर चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. ग्रीसमध्ये मात्र टर्की प्रामुख्याने नाताळच्या जेवणात अख्खी भाजलेली असते. तिच्या खिम्याचे केफ्तेदेस ही परंपरा नव्हे, नवी सोय आहे, आणि तसे म्हणण्यात कमीपणा काहीच नाही.

ही सोय आरोग्याला कितपत हितकर ठरते, हे खिम्यातल्या चरबीवर ठरते. 20 टक्के चरबीच्या 100 ग्रॅम कच्च्या गोमांस-खिम्यात सुमारे 250 किलोकॅलरी असतात. 7 टक्के चरबीच्या टर्कीच्या खिम्यात सुमारे 150. पण टर्की म्हणजे आपोआप कमी चरबी, असे नाही. कातडी आणि पायाचे मांस एकत्र दळलेल्या खिम्यात 15 टक्क्यांपर्यंत चरबी असते. उलट फक्त छातीच्या मांसाच्या खिम्यात ती 1-2 टक्क्यांवर येते, आणि त्याचे गोळे ओले राखणे फार जिकिरीचे जाते. पाकिटावरचा आकडा वाचूनच खिमा घ्यावा. 7 टक्क्यांचा खिमा या पदार्थाला सर्वांत मानवतो.

येथे ‘ग्रीक’ या विशेषणाबद्दलही स्पष्ट बोलायला हवे. ग्रीक आहाराची आरोग्यदायी म्हणून कीर्ती झाली ती अन्सेल कीझ या अमेरिकी शास्त्रज्ञाने 1958 पासून चालवलेल्या सात देशांच्या अभ्यासामुळे. त्यात क्रीट बेटावरच्या पुरुषांत हृदयविकाराचे प्रमाण फार कमी आढळले. 2010 मध्ये युनेस्कोने भूमध्य आहाराला मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतले. पण कीझ यांच्या अभ्यासाच्या काळातल्या क्रीटमधल्या शेतकऱ्याच्या ताटात मांस क्वचित आणि थोडे असे. पाव, कडधान्ये, रानभाज्या, फळे आणि भरपूर ऑलिव्ह तेल हे त्याचे जेवण. तेव्हा टर्कीचे दहा गोळे आणि शेजारी शोभेपुरती काकडी, असे ताट वाढले तर ते ग्रीक वळणाचे म्हणता येणार नाही. चार-पाच गोळे आणि त्यांच्या दुप्पट भाजी, कोशिंबीर किंवा कडधान्य, हे त्या आहाराच्या जास्त जवळ जाते.

कृती अशी. अर्धा किलो खिम्याला कडा काढलेल्या शिळ्या पावाचे दोन मोठे तुकडे, साधारण 60 ग्रॅम, घ्यावेत. एक मध्यम कांदा चिरण्याऐवजी किसावा, कारण चिरलेल्या कांद्याच्या फोडींपाशी गोळा फुटतो. कांद्याचा सुटलेला रस न टाकता त्यातच, कमी पडल्यास थोडे दूध घालून, पाव भिजवावा आणि बोटांनी कुस्करून लापशीसारखा करावा. त्यात एक अंडे, लसणाच्या एक-दोन किसलेल्या पाकळ्या, चमचाभर सुके ओरेगॅनो, मिरपूड, मूठभर बारीक चिरलेला पुदिना व पार्सली, एका लिंबाची किसलेली पिवळी साल आणि मोठा चमचाभर ऑलिव्ह तेल मिसळावे. हे सगळे आधी एकजीव करून मग शेवटी खिमा घालायचा. हा क्रम महत्त्वाचा आहे. मीठ लागलेले मांस जितके मळावे तितकी त्यातली प्रथिने चिकट होतात आणि गोळा सॉसेजसारखा लवचिक होतो. म्हणून कणीक तिंबल्यासारखे न मळता, बोटे फाकवून हलक्या हाताने, मिसळण्यापुरतेच ढवळावे. मीठ सपाट चमचाभर पुरते.

अमेरिकी धाटणीत फेटा चीज आणि चिरलेला पालकही घालतात. पारंपरिक केफ्तेदेसमध्ये फेटा सहसा नसतो, पण टर्कीच्या बाबतीत तो खरोखर उपयोगी पडतो; त्याची चरबी आणि आंबट-खारट चव सौम्य खिम्याला उचलून धरते. 60 ग्रॅम पुरे, आणि मग मीठ निम्मे करावे. खरा फेटा मेंढीच्या दुधाचा असतो, त्यात शेळीचे दूध फार तर 30 टक्के चालते. 2002 पासून युरोपीय संघात हे नाव फक्त ग्रीसच्या ठरावीक भागांतल्या चीजलाच देता येते. पालक घालायचा तर वाफवून घट्ट पिळून घालावा, नाहीतर गोळे पसरतात.

मिश्रण अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवले की पाव पाणी नीट धरतो आणि वळणे सोपे होते. ओल्या हाताने लिंबाएवढे 20 ते 22 गोळे वळावेत, वरून तेलाचा हात फिरवावा आणि 200 अंश सेल्सिअसला तापवलेल्या ओव्हनमध्ये 15 ते 18 मिनिटे भाजावेत. मध्ये एकदा उलटावे. ओव्हन नसेल तर जाड तव्यावर थोड्या तेलात, मध्यम आचेवर, सर्व बाजूंनी परतून झाकण ठेवावे. अप्पेपात्रही या कामाला नामी आहे. गोळा गोल राहतो आणि तेल थेंबाथेंबाने लागते. फेट्यासह असा एक गोळा साधारण 60 किलोकॅलरींचा होतो, आणि पाच गोळ्यांत 25 ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळतात.

शिजल्याची खूण रंगावरून ठरवू नये. दळताना पृष्ठभागावरचे जंतू आतपर्यंत मिसळलेले असतात, म्हणून कोंबडीवर्गीय पक्ष्यांचा खिमा मध्यभागी 74 अंशांपर्यंत तापला पाहिजे. पुदिना आणि पालकामुळे आतला रंग फसवतो, आणि कधीकधी टर्की पूर्ण शिजूनही गुलाबीसर दिसते. टोकदार थर्मामीटर हा खात्रीचा उपाय. याच कारणाने कच्च्या मिश्रणाची चव घेऊन मीठ बघू नये. चमचाभर मिश्रण तव्यावर शिजवून चाखावे.

सोबत झाझिकी हवीच. पाणी निथळलेले घट्ट दही, किसून पिळलेली काकडी, लसूण, ऑलिव्ह तेल, थोडे व्हिनेगर आणि शेपू किंवा पुदिना, एवढेच तिचे साहित्य. मराठी घरात ग्रीक दह्याचे पाकीट शोधायची गरज नाही: श्रीखंडासाठी बांधतात तसा चक्का, पण तीन-चार तासांचा, तेवढाच घट्ट असतो. काकडीची कोशिंबीर करणाऱ्या हाताला झाझिकी शिकवावी लागत नाही. फक्त साखर आणि दाण्याचा कूट आठवणीने बाजूला ठेवायचा.

महाराष्ट्रात टर्कीचा खिमा सहजी मिळत नाही. त्याऐवजी कोंबडीच्या मांडीचा खिमा करून घ्यावा. छातीचा घेतला तर पाव आणि तेल थोडे वाढवावे. ओरेगॅनो नसेल तर कुंडीतल्या पानओव्याची दोन-तीन पाने बारीक चिरून घालता येतात. दोन्ही वनस्पतींच्या वासात कार्व्हाक्रोल हे द्रव्य प्रमुख असल्याने चव बरीच जवळ जाते, पण पानओवा उग्र असतो, हात आखडता ठेवावा. पार्सलीच्या जागी कोथिंबीर घातली तर पदार्थ चांगलाच लागतो, मात्र तो शामी कबाबाकडे झुकतो. अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांपुढे प्रश्न उलटा असतो. तिथे टर्कीचा खिमा कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो, आणि गोमांस व डुकराचे मांस न खाणाऱ्याला केफ्तेदेसची चव घेण्याचा तो सरळ मार्ग ठरतो.

शिजवलेले गोळे फ्रीजमध्ये तीन-चार दिवस राहतात. दुसऱ्या दिवशी ते नुसते गरम केले तर कोरडे पडतात. त्यापेक्षा टोमॅटो, लसूण आणि चिमूटभर जिरेपूड यांचा पातळसर रस्सा उकळून, त्यात ते मंद आचेवर सात-आठ मिनिटे झाकून ठेवावेत, आणि सुत्झुकाकियासारखे भाताबरोबर वाढावेत.