भूकंपानंतर घराची वीज पुन्हा सुरू करताना: कोणता अर्ज, कोणती कागदपत्रं (नाशिक)

नाशिक भूकंप क्षेत्र ३ मध्ये येतं. मोठ्या धक्क्यात वीज गेली की आधी उपकेंद्रं, मग फिडर (उपकेंद्रातून निघणाऱ्या वाहिन्या), मग डीपी (गल्लीतले ट्रान्सफॉर्मर) अशा क्रमाने सुरू होतात आणि गल्लीत दिवे लागतात. तरी त्याच गल्लीतला एखादा वाडा अंधारातच राहतो. मीटरपर्यंतची वाहिनी महावितरणची असते. मीटरच्या पुढची वायरिंग, अर्थिंग आणि ते सगळं ज्या भिंतीवर आहे ती भिंत ग्राहकाची. पुढची वायरिंग धड नसेल तर लाइनमन जोडणी देणार नाही, आणि त्याने देऊही नये.

आधी: अर्जाने काय सुटत नाही

नाशिकला वीज एकलहऱ्याहून येते असं आपण सवयीने म्हणतो. एकलहऱ्याला २१० मेगावॉटचे तीन संच आहेत खरे, पण आपल्याला वीज मिळते ती राज्याच्या ग्रिडमधून. त्या ग्रिडवर तारापूरचे ५४० मेगावॉटचे दोन अणुसंचही आहेत. अणुभट्टी एकदा बंद पडली की आत झेनॉन हा अणुक्रिया रोखणारा वायू साचतो. तो विरेपर्यंत, म्हणजे दीडेक दिवस, ती पुन्हा चालू करणं कठीण असतं. धक्का संरचनेत धरलेल्या मर्यादेच्या वर गेला असेल तर तपासणी आणि अणुऊर्जा नियामक मंडळाची संमती लागते. जपानच्या काशिवाझाकी-कारिवा केंद्रात १६ जुलै २००७ च्या भूकंपानंतर सातपैकी पहिला संच सुरू व्हायला २००९ उजाडलं. तिथे आग लागली तीही अणुभट्टीला नव्हती. जमीन खचली, जोडण्या सरकल्या आणि ट्रान्सफॉर्मरच्या तेलाने पेट घेतला. अशा तुटवड्यातून येणाऱ्या भारनियमनावर ग्राहकाच्या कुठल्याही अर्जाचा उपयोग नाही. शेजाऱ्याकडे वीज आहे आणि तुमच्याकडे नाही, अशी स्थिती असेल तर पुढे वाचा.

तुमचं प्रकरण कुठल्या प्रकारात बसतं

घर शाबूत आहे, फक्त पुरवठा नाही: ही तक्रार आहे, अर्ज नाही. १९१२ किंवा १९१२० वर किंवा महावितरणच्या अॅपवर १२ अंकी ग्राहक क्रमांक देऊन नोंदवा. कागद लागत नाही, तक्रार क्रमांक मात्र लिहून ठेवा.

मीटर जळाला, फुटला किंवा ढिगाऱ्याखाली गेला: शाखा कार्यालयात मीटर बदलण्याचा अर्ज द्या. सोबत शेवटचं बिल आणि मीटरचे फोटो जोडा. केंद्राच्या २०२० च्या ग्राहक हक्क नियमांत अशा मीटरसाठी शहरात २४ तास आणि ग्रामीण भागात ७२ तास दिले आहेत. पण भूकंप ही नैसर्गिक आपत्ती असल्याने राज्य वीज नियामक आयोगाने ठरवलेल्या सेवेच्या (कृती मानकांच्या) मुदती त्या काळात स्थगित असतात. उशिराबद्दल भरपाई मागणारे अर्ज इथेच गळतात.

भिंतींना तडे गेलेत, वायरिंग हललीय किंवा पालिकेच्या नोटिशीनंतर वीज तोडली गेलीय: ही पुनर्जोडणी. खरी मेहनत इथे आहे.

घर पडलं: जुनी जोडणी रीतसर कायमची बंद करून घ्या. अंतिम बिल वजा जाऊन अनामत परत मिळते. नवं घर उभं राहिल्यावर ए-१ नमुन्यात नवीन जोडणीचा अर्ज करावा लागतो. जुनी जोडणी बंद करण्याची पायरी गाळून थेट नवीन मागितली तर त्याच जागेवर जुना ग्राहक क्रमांक थकबाकीसह जिवंत दिसतो आणि अर्ज अडकतो. तोवर शेड किंवा तंबूसाठी तात्पुरती जोडणी मिळू शकते. जागा दुसऱ्याची असेल तर त्याचं संमतिपत्र लागतं.

पुनर्जोडणी: दोन कागद निर्णायक

पहिला कागद इमारतीचा. पंचवटी, जुनं नाशिक, काझीगढी या भागांत वाड्यांची संख्या मोठी आहे. महापालिकेने महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ खाली धोकादायक म्हणून नोटीस दिली असेल, तर ती मागे घेतल्याचं पत्र किंवा दुरुस्तीनंतर संरचना अभियंत्याचं स्थैर्य प्रमाणपत्र आणा. तलाठ्याचा पंचनामा मदतीच्या रकमेसाठी लागतो. त्यावरून घर राहण्याजोगं आहे हे सिद्ध होत नाही, उलट त्यात ‘अंशतः पडझड’ लिहिलेलं असतं. पंचनामा घेऊन वीज कार्यालयात जाणाऱ्यांना परत पाठवतात ते यामुळे.

दुसरा कागद परवानाधारक विद्युत कंत्राटदाराचा चाचणी अहवाल. ओळखीच्या वायरमनची सही चालत नाही, परवाना क्रमांक आणि शिक्का हवा. कंत्राटदाराने काय तपासलं ते तिथे उभं राहून पाहा. मेन स्विच बंद करून, बल्ब आणि उपकरणं काढून, ५०० व्होल्टच्या मेगरने (वायरच्या आवरणाचा रोध मोजणारं यंत्र) एक मिनिट चाचणी होते आणि फेज ते अर्थ किमान १ मेगओहम रोध यावा लागतो. भिंतीतला पाइप तड्याजवळ चिरडला गेला असेल तर वायरचं आवरण फाटतं. कोरड्या दिवशी ते कळत नाही, पहिल्या पावसात भिंतीला शॉक येतो. म्हणून ओल्या भिंतीचं सर्किट वेगळं करून मोजायला सांगा. अर्थिंगची पट्टी जमिनीलगत तुटलेली असते, आणि वरून मात्र सगळं जोडलेलं दिसतं. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळताच पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर याच वेळी बसवून घ्या.

तीन फेज पुरवठा असलेल्या वाड्यात न्यूट्रलची (करंट परत नेणाऱ्या तारेची) जोडणी खास तपासायला लावा. न्यूट्रल सुटला की एका बिऱ्हाडात दिवे मंद होतात आणि दुसऱ्यात व्होल्टेज ३०० च्या वर जाऊन टीव्ही, फ्रिज जळतात. वीज आली तरी आधी बोर्डातले सगळे एमसीबी (सर्किटचे स्वयंचलित स्विच) बंद ठेवा, मग एकेक चालू करा.

उरलेली कागदपत्रं नेहमीचीच: ओळखपत्र, शेवटचं बिल आणि जागेचा पुरावा म्हणून घरपट्टीची पावती, सूची क्रमांक २ किंवा गावठाणात ग्रामपंचायतीचा नमुना ८. भाडेकरूला भाडेकरार द्यावा लागतो. कागद ढिगाऱ्यात गेले असतील तर ग्राहक क्रमांकावरून बिलाची प्रत महावितरणच्या संकेतस्थळावर मिळते. क्रमांकच आठवत नसेल तर शेजाऱ्याचं बिल घेऊन शाखा कार्यालयात जा, त्यावरच्या बिलिंग युनिटवरून तुमचं खातं शोधणं सोपं जातं. बिल वारलेल्या वडिलांच्या नावावर असेल तरी पुनर्जोडणीचा अर्ज द्या. नाव बदलाचा यू नमुना, मृत्यूचा दाखला आणि इतर वारसांचं ना हरकत पत्र यांना वेळ लागतो, ते काम स्वतंत्र चालू ठेवा.

सोसायटीचा स्वतःचा ट्रान्सफॉर्मर असेल तर दुरुस्तीनंतर विद्युत निरीक्षकाची परवानगी घेतल्याशिवाय तो चालू करू नका. लिफ्टची तपासणीही त्याच खात्याकडे असते.

हे करू नका

आकडा टाकू नका. भूकंपात सगळे टाकतात म्हणून तो माफ होत नाही, वीज कायद्यातलं वीजचोरीचं कलम १३५ लागू होतं. जनरेटर चेंजओव्हर स्विचशिवाय (एका वेळी ग्रिड किंवा जनरेटर यांपैकी एकच जोडणारा स्विच) घराच्या बोर्डाला जोडू नका. उलटा करंट डीपीमधून ११ हजार व्होल्टच्या वाहिनीत चढतो आणि वाहिनी बंद आहे असं समजून खांबावर काम करणाऱ्या लाइनमनचा जीव जातो. छतावरचं सोलर ग्रिड गेल्यावर आपोआप थांबतं, पण उजेड असेपर्यंत पॅनेलच्या तारा जिवंत असतात. वाकलेल्या स्टँडला हात लावू नका. पाडकामाआधी सर्व्हिस वायर स्वतः कापू नका. मीटरच्या आकड्याचा तारखेसह फोटो घ्या आणि लेखी अर्ज देऊन ती वायर महावितरणकडून काढून घ्या. फोटो नसेल तर बंद घराला सरासरीचं बिल येतं.

अर्ज अडला तर

शाखा कार्यालय, मग उपविभाग, मग नाशिक रोडचं विद्युत भवन. तिथेही सुटलं नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत मंचाकडे जाता येतं. मंचाचा आदेश मान्य नसेल तर ६० दिवसांत विद्युत लोकपालाकडे जाता येतं. या प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न एकच येतो, आवक शिक्का मारलेली प्रत आहे का. अर्ज दोन प्रतींत न्या.